ओटीवर पत्रिकांचं काम, पडवीत पोरांचा खेळ : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

लग्नाची, मुंजीची, बारशाची, वास्तुशांतीची पत्रिका घरबसल्या करून द्यायचं काम आता कोकणातल्या लहान वाडीतूनही होतं. बरा संगणक किंवा मोठ्या पडद्याचा फोन, कामापुरतं नेट आणि कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण अशा जवळच्या शहरातला एक विश्वासाचा छापखाना एवढ्यावर सुरुवात करता येते. डिझाइन शिकता येतं. घरात तीन ते नऊ वर्षांचं मूल असताना हे काम कसं चालवायचं, याबद्दल मात्र फारसं कुणी सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलाचा खेळ हा तुमच्या कामाचा कच्चा माल नाही. मूल पानाचे ठसे उमटवत असतं, आपल्याला ते आवडतात, आणि आपण म्हणतो, ‘छान आलं, असे आणखी दहा काढ बघू.’ त्या क्षणी खेळाचं काम होतं आणि मूल उठून जातं. खेळातून काही पत्रिकेत आलंच, तर ते नंतर आणि मुलाला विचारून यावं. हे पाळलं तर दोन्ही गोष्टी एका घरात नांदतात.

आधी वर्ष बघा, मग दिवस

नवीन माणूस दिवसाचं वेळापत्रक करायला घेतो. कोकणात आधी वर्षाचं करावं लागतं. लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, पौषात बहुतेक घरं थांबतात, आणि खरी गर्दी एप्रिल-मेमध्ये होते, कारण चाकरमानी तेव्हा गावी येतात. त्या पत्रिकांचं काम तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. मुलाची शाळा तेव्हा चालू असते, म्हणजे सकाळचे तास तुमचे. शाळेला मेची सुट्टी लागते तेव्हा मोठं डिझाइन संपत आलेलं असतं, पण घाईची कामं वर येतात: हळदीचं वेगळं कार्ड, मोबाइलवर पाठवायची पत्रिका, पूजेचं आमंत्रण. ही कामं लहान असतात आणि मूल घरात असतानाही उरकता येतात. म्हणून मेमध्ये नव्या, मोठ्या छापील कामाला होकार देऊ नका.

अधिक महिना आला की हे गणित सरकतं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे आणि तो मेच्या मध्यावर लागतो, त्यामुळे त्या वर्षी मेचे मुहूर्त पहिल्या पंधरवड्यात दाटतात. डिसेंबरातच पंचांग उघडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखा रंगवून ठेवा.

पावसाळ्यात लग्नं नसतात, पण बारसं, डोहाळजेवण, साठीशांत आणि गणपतीचं आमंत्रण असतं. आषाढ-श्रावण हे नमुने तयार करायचे महिने. मुलांबरोबर सगळ्यात जास्त खेळ होतो तोही याच दिवसांत, कारण बाहेर पाऊस धरलेला असतो आणि पोरं घरातच असतात.

दोन जागा, दोन डबे

जुन्या घरात ओटी आणि पडवी असते, फ्लॅटमध्ये दोन कोपरे असतात. एक जागा कामाची, दुसरी खेळाची. त्या एकमेकींना दिसाव्यात, पण हात पोचेल इतक्या जवळ नसाव्यात.

कामाच्या डब्यात कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, घडीची रेघ पाडायचं बोथट हत्यार, दुहेरी टेप, गरम गोंदाची बंदूक आणि शाईच्या बाटल्या. हा डबा कुलपात किंवा उंच फळीवर. मूल टेबलाशी असताना कटर उघडायचा नाही, अगदी ‘एकच कापून घेते’ असंही नाही.

खेळाच्या डब्यात बोथट कात्री, छापखान्यातून मागून आणलेले कागदाचे तुकडे, कोळसा, खडू, सुतळी, भेंडीची देठं, जुन्या बांगड्या, वाळलेली पानं. गोंद घरचाच: तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवायची आणि वाटीत काढून ठेवायची. आपल्याकडच्या दमट हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा रोज थोडीच करा.

तुकड्यांसाठी छापखान्यात विचारायला लाजू नका. मोठ्या शीटमधून पत्रिका कापल्या की कडेच्या पट्ट्या उरतात आणि त्या रद्दीत जातात. त्या जाड, गुळगुळीत, रंगीत असतात. वहीच्या पानापेक्षा पोरांना त्या जास्त आवडतात.

काही वस्तूंबद्दल इथे ठासून सांगायला हवं. गुंजेच्या लाल-काळ्या बिया दिसायला सुंदर, सजावटीला लोक वापरतात, पण त्या विषारी आहेत. चावून पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं. लहान मूल असलेल्या घरात गुंजा ठेवूच नका, पत्रिकेलाही लावू नका. ती पत्रिकाही कुठल्यातरी पोराच्या हातात जाणार आहे. कण्हेरीची पानं-फुलं खेळायला नकोत. ओल्या काजूबीच्या टरफलातलं तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक कातडीवर फोड उठवतो, म्हणून आंब्याची पानं घेताना देठ पुसून घ्या. कागदाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर पांढऱ्या दाण्यांच्या घ्या. निळ्या दाण्यांत बहुधा कोबाल्टचं क्षार असतं, ते मुलांच्या आसपास नको.

कामाचे दोन ढीग करा

पत्रिकेचं काम सलग एकसारखं नसतं. काही काम मोडलं तर चुका होतात: मजकूर बसवणं, तारखा तपासणं, कापणं, पैशांचा हिशेब, ग्राहकाशी फोन. काही काम मोडलं तरी चालतं: रंग निवडणं, जुने नमुने चाळणं, पाकिटांच्या घड्या, दोरा बांधणं, छापून आलेल्या पत्रिका मोजणं.

पहिला ढीग मूल झोपलेलं असताना किंवा अंगणवाडीत, शाळेत असताना. दुसरा ढीग मुलाच्या शेजारी बसून. घडी घालताना आईचे हात हलत असतात आणि कान मोकळे असतात. मुलाला नेमकं तेच हवं असतं. ते शेजारी बसून आपल्या कागदाच्या होड्या करतं, मध्येच काहीतरी विचारतं, आपण उत्तर देतो, आणि कुणाचंच काही बिघडत नाही.

एक सवय फार उपयोगी आहे. कामाला बसण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं मुलाबरोबर त्याच्या खेळात पूर्ण बसायचं, फोन दूर ठेवून. खेळ एकदा रंगला की मूल स्वतःहून पुढे नेतं आणि तुम्हाला उठता येतं. आधी काम आणि मग खेळ असं ठरवलं, तर मूल सारखं ‘झालं का’ विचारत येतं.

मजकूर : इथे घाई नको

पत्रिका सुंदर नसली तर लोक विसरतात, चुकली तर पिढ्यानपिढ्या बोलतात. म्हणून काम घेताना पहिल्या भेटीत चित्राबद्दल बोलूच नका. मजकूर घ्या, तोही लिहून, फोनवरून नको.

सुरुवात देवापासून. कोकणात नुसतं ‘श्री गणेशाय नमः’ पुरत नाही. कुलदैवत आणि ग्रामदैवत दोन्ही विचारा, कारण ती बहुतेक वेळा वेगळी असतात. कुणाचा रवळनाथ, कुणाची सातेरी, कुणाचा रामेश्वर, आरवलीकडच्यांचा वेतोबा. घरातली आजी सहसा हेच आधी सांगते: ‘पयला देवाचा नाव घाल, मगे बाकीचा.’ देवांचा क्रम घरातल्या वडीलधाऱ्यांकडून घ्या. नवरा-नवरीला तो बऱ्याचदा ठाऊक नसतो.

मग नावं. चि., चि. सौ. कां., श्री., सौ., कै., ही अक्षरं छोटी, पण त्यांवरून माणसं दुखावतात. हयात माणसापुढे ‘कै.’ पडलं तर ती पत्रिका जाळावी लागते. नावांची यादी हातात घेऊन प्रत्येक नावाला घरच्यांकडून खूण करून घ्या. गाव दोन असतात, मूळ गाव आणि हल्ली मुक्काम; दोन्ही विचारा. पत्त्यात वाडीचं नाव हवंच, नाहीतर मुंबईहून आलेला पाहुणा गावात पोचूनही मांडव शोधत फिरतो.

तारीख तीन ठिकाणी जुळवा: इंग्रजी तारीख, वार, तिथी. शके लिहिणार असाल तर सोपा हिशेब आहे. गुढीपाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. म्हणजे मे २०२६ मधलं लग्न शके १९४८ चं आणि जानेवारी २०२६ मधलं १९४७ चं. जुन्या पत्रिकेवरून नवी करताना हा आकडा हमखास जुनाच राहतो.

फोन नंबर एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर ग्राहकालाच फोनवर वाचून दाखवा. शेवटी ‘मजकूर तपासला, छापायला हरकत नाही’ एवढं लेखी घ्या. मोबाइलवरचा संदेशही चालेल. त्याशिवाय फाइल छापखान्याला जाऊ देऊ नका.

अक्षर आणि फाइल

मराठी पत्रिकेत निम्मी शोभा अक्षराची असते. मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी हे युनिकोड फाँट मोफत मिळतात आणि व्यवसायासाठी वापरायला मोकळे आहेत. ठळक नावांना बालू गोड दिसतो, शास्त्रोक्त पत्रिकेला तिरो जास्त शोभतो. फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघा. हिंदी वळणाचे ल-श आपल्या वाचकाला खटकतात, का ते त्याला सांगता आलं नाही तरी. ‘वऱ्हाडी मंडळी’ हे शब्द टाइप करून पाहा. त्यातला ऱ्ह नीट जुळला नाही तर तो फाँट किंवा ते सॉफ्टवेअर मराठीच्या कामाचं नाही.

सुरुवातीला कॅन्व्हा पुरतं. रेघांचं चित्र करायचं तर इंकस्केप, रंगवायचं तर कृता. दोन्ही फुकट आहेत. छापखाने बहुतेक कोरलड्रॉवर चालतात, तेव्हा पीडीएफ द्या आणि अक्षरं ‘कर्व्ह’ करूनच (म्हणजे त्यांच्या आकृत्या करून) द्या, म्हणजे त्यांच्या संगणकावर तुमचा फाँट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत. ५×७ इंची पत्रिकेला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १५०० × २१०० पिक्सेल लागतात. कापताना कड सरकते, म्हणून रंग चारी बाजूंना ३ मिलिमीटर बाहेर न्या आणि अक्षरं कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवा. मोबाइलवरच्या पत्रिकेसाठी १०८० × १९२० चं उभं माप ठीक. ती पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट होतात.

एक कोपरा मोकळा सोडा. घरोघरी पत्रिकेला हळदकुंकू लागतं, आणि तिथे तुमचं नाजूक चित्र असेल तर ते झाकलं जातं. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते, म्हणून एक-दोन प्रती बाकीच्यांच्या आधी लागतात. हे ग्राहक बोलत नाही, तुम्हीच विचारायचं.

पोरांसाठी खेळ, आपल्या मातीतले

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण विकतचे रंग आणि छापील रंगवायची पुस्तकं सगळीकडे मिळतात; आपल्या परसात जे आहे ते दुसरीकडे मिळत नाही.

तांबड्या मातीपासून सुरू करा. जांभ्याची माती उन्हात वाळवून, कुटून, जुन्या धोतराच्या कापडातून गाळायची. वस्त्रगाळ झालेली भुकटी खळीत कालवली की सुंदर भगवा-तांबडा रंग तयार होतो. त्यातला लोहाचा अंश उन्हाने उडत नाही, म्हणून या चित्राचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. काळ्यासाठी करवंटीचा कोळसा, पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी. कुटणं आणि गाळणं हाच पोरांचा निम्मा खेळ असतो, चित्र मागून येतं.

हळदीची वेगळी गंमत. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवायचं, मग काडीने साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर लिहायचं. पिवळ्यावर लाल अक्षर उमटतं. पाच वर्षांचं मूल हे बघून हातातलं सगळं सोडतं. एप्रिल-मेमध्ये रातांबे (कोकमाची फळं) असतील तर सालीच्या रसात चिमूटभर सोडा टाकून रंग पालटताना दाखवा. चुना मात्र वापरू नका, डोळ्यात गेला तर फार इजा करतो. हळद आणि रातांब्याचे रंग उजेडात विरतात, हेही मुलाला सांगा. एक कागद खिडकीत आणि एक कपाटात ठेवून आठवड्याने शेजारी धरायला लावा.

पानांचे ठसे घ्यायला फणसाचं पान चांगलं, शिरा ठळक असतात. पावसात दगडी गडग्यावर उगवणारे नेचे त्याहून चांगले. पानाच्या मागच्या बाजूला रंग लावायचा, आपल्याला पुढची बाजू सुचते.

सावंतवाडीची गंजिफा मुलांना दाखवाच. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पत्ते. ही कला सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही जपली जाते आणि तिथे ती पाहता येते. घरी बांगडी ठेवून जाड कागदावर गोल आखायचे, मासा, कासव, परशू अशी सोपी चिन्हं घ्यायची आणि आपला जोड तयार करायचा. पत्ते झाले की खेळायचे. नियम पोरांनीच करायचे, ते रोज बदलतात आणि बदलू द्यावेत.

राजापूरजवळच्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळात हत्तीचं भलंमोठं चित्र खोदलेलं आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. पाऊस नसेल त्या दिवशी खळ्यात, म्हणजे अंगणात, मुलाला आडवं करून त्याच्याभोवती खडूने रेघ मारा, किंवा एक मोठा बैल काढा. मग त्याच्या पोटात जे सुचेल ते काढायचं. हा खेळ तीन वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या मुलाला एकत्र खेळता येतो, असे खेळ थोडे असतात. तुम्हाला तासभर सलग हवा असेल तर हाच निवडा.

कुडाळजवळ पिंगुळीत चित्रकथी आहे. ठाकर समाजातले कलावंत चित्रांची पोथी समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गातात. ही परंपरा सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मुलांना तिथे न्या. घरी आल्यावर चार कागदांवर चार चित्रं काढून गोष्ट सांगायला लावा. अक्षरं न येणारं मूलही सांगतं. आता कामाबद्दल एक बोलते: चित्रकथीची किंवा गंजिफेची चित्रं नेटवरून उचलून पत्रिकेत घालू नका. ग्राहकाला ती शैली हवीच असेल तर त्या कलावंतांकडून पैसे देऊन चित्र करून घ्या आणि पत्रिकेच्या मागे त्यांचं नाव छापा. आपल्याच जिल्ह्यातली माणसं आहेत ती.

खेळातलं चित्र पत्रिकेत यायचं असेल तर

आधी विचारा. ‘ह्या पानाचा ठसा मी काकूंच्या पत्रिकेत घालू का?’ उत्तर कधीकधी येतं, ‘ह्यां माझां, देवचंय नाय.’ मग विषय संपला. लाडीगोडी, चॉकलेट, रुसणं काही नाही. होकार आला तर मूळ कागद त्याचा त्याच्याकडे राहतो, तुम्ही फक्त त्याचा फोटो किंवा स्कॅन घेता.

स्कॅनर नसेल तर सकाळी पडवीत, उन्हाची तिरीप येत नाही अशा जागी कागद सपाट ठेवून वरून सरळ फोटो घ्या. ओल्या रंगाचा घेऊ नका, चमक येते. इंकस्केपमध्ये ट्रेसचा पर्याय वापरला की ठशाची रेघ होते आणि ती हवी तेवढी मोठी करता येते. मुलाची रेघ सरळ करू नका. वाकडी आहे म्हणूनच ती तुम्हाला आवडली होती.

ग्राहकालाही सांगा की हे चित्र मुलाचं आहे. काहींना ते फार आवडतं, काहींना आपल्या लग्नाच्या पत्रिकेत नको असतं. दोघंही बरोबर आहेत.

त्याहून चांगली जागा ग्राहकाच्या घरातली मुलं. आपल्या पत्रिकेत ‘किलबिल’ म्हणून एक ओळ असतेच, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली पोरांची नावं. नावं छापण्याऐवजी त्या मुलांनाच त्यांची नावं लिहून पाठवायला सांगा, जाड काळ्या पेनाने पांढऱ्या कागदावर. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा किंवा त्याने काढलेला मासा. पत्रिकेतली तेवढीच ओळ मुलांच्या हाताची, बाकी सगळं नेटकं. आजी-आजोबा पत्रिकेतली तीच जागा सगळ्यांना दाखवत फिरतात.

नकाशाचंही तसंच. मांडवापर्यंत नेट पोचेलच असं नाही, म्हणून क्यूआर कोडसोबत साधा नकाशा छापा. क्यूआर निदान २ सेंटिमीटर चौरस हवा. तुमच्या मुलाला आपल्या घरापासून देवळापर्यंतचा नकाशा खेळ म्हणून काढायला द्या. मूल वड, साकव, भाटल्यांचा कुत्रा, चढण असं सगळं दाखवतं आणि अंतरं मोडून टाकतं. पाहुण्यालाही रस्त्याचं नाव न लागता वड आणि साकवच लागतो, हे त्यातून तुम्ही शिकाल. पत्रिकेतला नकाशा मात्र तुम्ही स्वतः, चालून बघून काढा.

कागद, छपाई आणि पाऊस

छापखान्याला माप विचारून मग डिझाइन करा. १२×१८ इंची शीटवर ५×७ च्या चार पत्रिका बसतात. रुंदी एक इंच वाढवलीत तर कदाचित दोनच बसतील आणि खर्च दुप्पट होईल. एकेरी कार्डाला २५० ते ३०० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद ठीक. घडीच्या कार्डाला आधी रेघ पाडून घ्या, नाहीतर घडीवर रंग फुटतो. पाकीट कार्डापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडं मोठं हवं. त्यात अक्षता घालायच्या असतील तर अक्षता पुडीत घाला, कुंकू कागदावर उतरतं.

एक प्रत छापून उन्हात आणि ट्यूबलाइटखाली बघा. पडद्यावरचा झगझगीत भगवा आणि पोपटी कागदावर तसा उतरत नाही, हे ग्राहकाला आधीच दाखवा.

मिरग (मृग नक्षत्र) लागला की कागद हवेतली ओल पितो. कडा वळतात, घरच्या प्रिंटरमध्ये दोन-दोन कागद एकत्र ओढले जातात, शाई पसरते. कागद बंद डब्यात आडवा ठेवा, छापायच्या वेळी लागतील तेवढेच काढा, पत्ते पिसल्यासारखे सुटे करा. छापून झालेली कार्डं एकावर एक लगेच रचू नका. रांगोळी आणि मातीची भुकटी प्रिंटरच्या खोलीत नको. लाईट जाते, तेव्हा महत्त्वाची फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि छापखान्याला द्यायची तारीख वादळाच्या इशाऱ्याच्या दिवसावर ढकलू नका.

दर आणि दिवस

दर कामाच्या तासांवरून काढा; मुदत मात्र मध्येमध्ये मोडणारे दिवस धरून सांगा. समजा एका पत्रिकेला आठ तास लागतात आणि तुम्ही तासाचे १५० रुपये धरले, तर डिझाइनचे १,२०० झाले. छपाई आणि कागद वेगळे. पण मूल घरात असताना सलग तास-दीड तासच रोज मिळत असेल, तर आठ तासांना सहा ते आठ दिवस लागतात. ग्राहकाच्या तपासणीला दोन-तीन दिवस, एक दिवस मुलाच्या तापाचा. म्हणजे ‘बारा दिवस’ सांगा. ‘चार दिवसांत देते’ म्हणालात तर तुम्ही रात्री जागणार आणि दुसऱ्या दिवशी पोरावर ओरडणार.

निम्मी रक्कम आगाऊ घ्या. दोन बदल दरात धरा, तिसऱ्यापासून पैसे, हे आधीच सांगा. नात्यातल्या कामालाही हाच नियम, फार तर दर कमी करा. ‘वहिनी, एवढंसं तर आहे’ असं म्हणणाऱ्याला मजकूर लेखी आणायला सांगा. एवढंसं किती आहे ते त्यालाच दिसतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते. काम वाढू लागलं की ती करून घ्या, त्यासाठी कुणा दलालाला पैसे देऊ नका.

मुलाचं चित्र एखाद्या पत्रिकेत गेलं आणि पैसे आले, तर त्यातला त्याचा वाटा त्याच्या हातात द्या आणि तो कशाचा आहे ते सांगा. त्याचं काय करायचं ते त्याला ठरवू द्या. सावंतवाडीच्या चितारआळीत एक लाकडी भोवरा येतो त्यात.

प्रत्येक काम संपलं की एक प्रत फाइलला लावा आणि मागे पेन्सिलीने कागद, जीएसएम, माप, छापखान्याचा दर आणि लागलेले तास लिहा. मुलाच्या कागदांवर त्याचं नाव आणि तारीख. दोन्ही फाइली मेच्या शेवटाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर चढवा, जमिनीलगतच्या कपाटात नको, तिथे ओल येते.